क्लोद की अब्राहाम? जिनिव्हातल्या एका बाप्तिस्म्याचं प्रकरण

कॅल्विनवादाचा, म्हणजे जां कॅल्विन या फ्रेंच धर्मसुधारकाच्या प्रोटेस्टंट शिकवणीचा इतिहास सहसा सिद्धांतांमधून सांगितला जातो: पूर्वनियोजन, देवाचं सार्वभौमत्व, पवित्र शास्त्राचा अधिकार. जिनिव्हातल्या न्हाव्याला, शिंप्याला, दाईला हा कॅल्विनवाद कुठे भेटला, हे बघायचं तर एक छोटं प्रकरण पुरेसं आहे. ऑगस्ट १५४६ मध्ये एका बापाला आपल्या मुलाचं नाव क्लोद ठेवायचं होतं, आणि चर्चमधून मूल घरी आलं ते अब्राहाम होऊन.

त्या बापाचं आणि पाळकाचं नाव इथे देत नाही. दोघं जाऊन पावणेपाच शतकं झाली, तरी प्रकरण अभ्यासाचा तसा रिवाज आहे. नावावरून तुरुंगात गेलेल्या माणसाची गोष्ट त्याच्याच नावाशिवाय सांगावी लागते, याला इलाज नाही. बापाला नुसतं ‘न्हावी’ म्हणू. त्या काळचा न्हावी दाढी करायचा तसं रक्तही काढायचा आणि जखमाही बांधायचा, त्यामुळे गल्लीत त्याला ओळखत नाही असं कोणी नसायचं.

पार्श्वभूमी

जिनिव्हा हे तेव्हा साधारण दहा हजार वस्तीचं शहर होतं. शेजारच्या सव्हॉय राज्याच्या ड्यूकचा आणि शहरातल्या बिशपचा अंमल झुगारून २१ मे १५३६ रोजी नागरिकांच्या सर्वसाधारण सभेनं हात वर करून धर्मसुधारणा, म्हणजे प्रोटेस्टंट पंथ स्वीकारला. त्याच वर्षी कॅल्विन शहरात आला. १५३८ मध्ये त्याला हाकलून दिलं, १५४१ मध्ये परत बोलावलं. परत आल्याबरोबर त्यानं चर्चची नियमावली तयार केली, आणि त्यातून कन्सिस्टरी ही संस्था उभी राहिली. शहरातले पाळक आणि नगरसभांमधून निवडलेले बारा वडील दर गुरुवारी एकत्र बसत आणि लोकांना बोलावून विचारत: प्रवचनाला का आला नाहीस, बायकोला का मारलंस, अजून लॅटिन प्रार्थना का पुटपुटतेस?

अधिकाराची वाटणी इथेच लक्षात ठेवायला हवी. कन्सिस्टरी समज द्यायची. तुरुंग, दंड, हद्दपारी या गोष्टी नगरसभेच्या हातात. त्यातही खरा कारभार पंचवीसेक जणांची लहान सभा बघायची, आणि तिच्यात जिनिव्हात जन्मलेल्या नागरिकालाच बसता यायचं. उलट शहरातले पाळक जवळजवळ सगळे फ्रान्समधून आलेले. खुद्द कॅल्विनला जिनिव्हाचं नागरिकत्व मिळालं ते १५५९ मध्ये, म्हणजे मरणाआधी पाच वर्षं. १५४६ मध्ये लोकांच्या लेखी तो पगारावर ठेवलेला एक परदेशी होता.

ते वर्षही धुमसतं होतं. जानेवारीत पत्ते बनवण्याचा धंदा करणाऱ्या एका सभासदानं घरच्या जेवणावळीत कॅल्विनला वाईट माणूस म्हटलं. एप्रिलमध्ये त्याला नुसत्या सदऱ्यावर, उघड्या डोक्यानं, हातात मशाल घेऊन शहरभर फिरत माफी मागावी लागली. वसंतातच एका लग्नात नाचल्याबद्दल शहरातली बडी मंडळी तुरुंगात गेली. मे महिन्यात दारूगुत्ते बंद करून त्यांच्या जागी देखरेखीखालच्या खानावळी काढल्या, जिथे जेवणाआधी प्रार्थना म्हणायची. लोक तिकडे फिरकले नाहीत आणि काही आठवड्यांत गुत्ते पुन्हा उघडले. मुलाच्या नावाचा वाद पेटला तो या सगळ्यानंतर.

नावात काय होतं

जिनिव्हापासून फार लांब नाही, ज्युरा डोंगरात, सेंट क्लोद नावाचं गाव आहे. तिथे संत क्लोदचं शव जपलेलं होतं आणि लांबलांबचे यात्रेकरू तिथे येत. मूल व्हावं म्हणून, आजारी मूल जगावं म्हणून बायका नवस करत. त्यामुळे त्या टापूत मुलगा असो वा मुलगी, क्लोद हे नाव घरोघरी असायचं.

दुसरी गोष्ट धर्मपित्याची. जुन्या रीतीत बाप्तिस्म्याच्या वेळी मूल धर्मपित्याच्या हातात असायचं आणि बहुतेकदा त्याचंच नाव मुलाला मिळायचं. आई बाळंतिणीच्या खोलीत. धर्मपिता म्हणजे भागीदार, शेजारी, वरिष्ठ, कधी काका. पुढे मुलाला धंद्याला लावणारा माणूस. नाव ही त्या नात्याची पावती. घरात आधीच तीन क्लोद असले तर चौथा क्लोद म्हणजे ते घर एकमेकांना धरून आहे, एवढाच अर्थ बहुतेकांच्या मनात असणार. त्यातल्या किती जणांना ज्युरातल्या त्या शवाची आठवण व्हायची, कोण जाणे.

नव्या व्यवस्थेनं बाप्तिस्म्याचं बरंच काही आधीच बदललं होतं. मूल मरायला टेकलं तर दाईनं घरच्या घरी पाणी घालायचं, ही मुभा गेली. बाप्तिस्मा पाळकानंच, चर्चमध्ये, मंडळीसमोर, प्रवचनाच्या वेळीच. धर्मपिता सुधारित पंथाचाच हवा, म्हणजे सव्हॉयमधल्या कॅथलिक मेहुण्याला बोलावता येत नव्हतं. ही सगळी काटछाट लोकांनी कुरकुरत का होईना, सोसली होती. नाव तेवढं उरलं होतं.

नेमकं काय घडलं

न्हाव्याचं मूल बाप्तिस्म्याला आणलं गेलं. नाव विचारलं, उत्तर आलं: क्लोद. पाळकानं पाणी घातलं आणि उच्चार केला तो अब्राहाम असा. आधी कोणाला विचारलं नव्हतं, कोणाला सांगितलं नव्हतं.

चर्चमध्ये गोंधळ उडाला. न्हावी म्हणाला, हा बाप्तिस्मा मी मानत नाही. मुलगा पंधरा वर्षांचा होईपर्यंत थांबेन, मग तो स्वतःच आपलं नाव निवडेल.

बाहेर अर्थातच बभ्रा झाला. नगरसभेनं न्हाव्याला चार दिवस तुरुंगात ठेवलं.

पेच

वरवर बघता हा संत विरुद्ध पवित्र शास्त्र असा वाद दिसतो. पाळकाची बाजू समजण्यासारखी आहे. अवशेषांची पूजा म्हणजे मूर्तिपूजा, हे कॅल्विननं १५४३ मध्ये एका खोचक पुस्तिकेत सांगून टाकलं होतं. एका दिवसाच्या वाटेवर ती पूजा रोज चालू असताना तेच नाव ख्रिस्ताच्या मंडळीत पाण्यानं शिक्कामोर्तब करून द्यायचं कसं? अब्राहाम हे नाव त्यानं सहज म्हणून दिलेलं नसणार. कॅल्विनच्या मते बाप्तिस्मा हे देवानं अब्राहामाशी केलेल्या कराराचं चिन्ह आहे. तान्ह्या मुलाला बाप्तिस्मा का द्यायचा, याचं उत्तरच मुळी अब्राहामापासून सुरू होतं. त्या पाळकाच्या मनात काय होतं ते कोणी लिहून ठेवलेलं नाही, पण इतकं नेमकं नाव आपोआप तोंडात येत नाही.

मला मात्र खरा पेच दुसरीकडे दिसतो. क्लोद नाव चालणार नाही असा कोणताही जाहीर नियम त्या दिवशी अस्तित्वात नव्हता. १५४१ च्या नियमावलीत नावांची यादी नाही. न्हाव्यानं मोडला असा नियमच नव्हता. नियम पाळकाच्या मनात होता आणि तो पहिल्यांदा उच्चारला गेला भर मंडळीत.

वर, हे कृत्य परत फिरवता येत नव्हतं. एकदा पाणी पडलं आणि नाव उच्चारलं की दुसऱ्यांदा बाप्तिस्मा नाही. पुन्हा बाप्तिस्मा म्हणजे ॲनाबॅप्टिस्टांचं (तान्ह्या मुलाचा बाप्तिस्मा न मानता जाणत्या वयात तो घ्यायला लावणाऱ्या पंथाचं) पाखंड, आणि त्याची भीती त्या पिढीत कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघांनाही सारखीच. जिनिव्हानं १५३७ मध्येच ॲनाबॅप्टिस्टांना शहराबाहेर काढलं होतं. आता न्हाव्याचं वाक्य पुन्हा वाचा: पंधरा वर्षं थांबेन, मुलगा स्वतः निवडेल. रागावलेला बाप बोलला एवढंच ते असेल, पण सभेतल्या लोकांच्या कानाला त्यात थेट ॲनाबॅप्टिस्ट बोली ऐकू आली असणार. तुरुंगाचं कारण तो संत जेवढं, तेवढंच हे वाक्य, असं मला वाटतं.

समोर असलेले पर्याय

पाळकापुढे तीन वाटा होत्या. सांगितलेलं नाव देऊन टाकायचं आणि मग कन्सिस्टरीत विषय काढायचा. बाप्तिस्मा त्या दिवशी थांबवून बापाशी बोलायचं. किंवा स्वतःच नाव बदलायचं. दुसरी वाट कॅल्विनच्या शिकवणीत पूर्ण बसत होती, कारण त्याच्या मते बाप्तिस्मा न मिळता मेलेलं मूल त्यामुळे नरकात जात नाही. दाईचा बाप्तिस्मा याच आधारावर बंद केला होता. म्हणजे आठ दिवस थांबायला शास्त्राची हरकत नव्हती. हरकत असली तर आईच्या जिवाची, कारण तान्ही मुलं तेव्हा आठवड्यात जायची आणि तिच्या पोटातली भीती अजून जुन्या धर्माचीच होती. पाळकानं तिसरी वाट धरली.

न्हाव्यापुढे फार काही नव्हतं. गप्प बसून घरी क्लोदच म्हणत राहणं हा एक मार्ग, आणि पुष्कळांनी पुढे तोच धरला असणार. सभेकडे तक्रार करणं हा दुसरा. सभेत स्थानिक माणसं बसत होती, त्यांच्या घरातही क्लोद होते. त्यानं तिसराच, सगळ्यात धोक्याचा मार्ग निवडला: बाप्तिस्माच नाकारला.

सभेची अडचण सर्वांत मोठी. पाळकाला चुकीचं ठरवावं तर वर्षभर ज्याच्यासाठी माणसांना मशाली घेऊन फिरवलं त्या व्यवस्थेलाच तडा. बापाला चुकीचं ठरवावं तर कोणत्या नियमाखाली? दोघांना समोरासमोर बसवून मिटवता आलं असतं. कन्सिस्टरी नवरा-बायकोची, भावाभावांची भांडणं तशी मिटवायचीही. तिच्या कामाचा तो बराच मोठा भाग होता, फक्त त्याची आठवण कोणी काढत नाही.

काय केलं

आधी शिक्षा झाली, नियम नंतर आला. ऑगस्टमध्ये न्हावी तुरुंगात, आणि पाळकांच्या मागणीवरून नावांचा हुकूम निघाला तो २२ नोव्हेंबर १५४६ रोजी.

तो हुकूम वाचण्यासारखा आहे, कारण त्यात एक अख्खं गाव दिसतं. पहिला गट, या मुलखात ज्यांच्या मूर्तींचं राज्य होतं त्यांची नावं: क्लोद, आणि त्याच्याबरोबर सुएर. सुएर म्हणजे कफन. सव्हॉयच्या ड्यूक घराण्याकडचं ख्रिस्ताचं म्हणून पुजलं जाणारं कफन १५३० च्या दशकापर्यंत त्यांच्या शांबेरी शहरात होतं. जिनिव्हानं ज्या घराण्याचा अंमल दहा वर्षांपूर्वी झुगारला, त्याचीच ही ठेव. तेव्हा या बंदीत धर्म किती आणि राजकारण किती, हे वेगळं काढता येत नाही. दुसरा गट तीन राजांचा: गास्पार, मेल्क्योर, बाल्थझार. बायबलमध्ये त्यांची नावंही नाहीत, ते राजे होते असंही नाही आणि ते तीन होते असंही नाही. मग पदांची नावं: बाप्तिस्त चालणार नाही, योहान चालेल. मग केवळ देवाची नावं: इमॅन्युएल, तारणारा, येशू.

त्यानंतर अशी नावं येतात जी वाचून हसू येतं आणि मग वाईट वाटतं. तूसँ म्हणजे सर्व संतांचा दिवस, दिमांश म्हणजे रविवार, नोएल म्हणजे नाताळ, पास्क म्हणजे ईस्टर, तिफेन म्हणजे एपिफनी, जानेवारीतला तीन राजांचा सण. मूल ज्या सणाला जन्मलं त्याचं नाव. अशा नावांची थट्टा होते, असं हुकूम म्हणतो. शेवटी जोडनावं नकोत, कानाला वाईट लागणारी नकोत आणि बिघडलेली रूपं नकोत: एतिएनचं तिव्हां, सिमोंचं मोने. म्हणजे आई अंगणातून ज्या नावानं हाक मारायची तेही लिहायचं नाही.

या यादीची मोजपट्टी नीट चालत नाही, हे त्या वेळच्या लोकांना कळत नसेल असं नाही. कॅल्विनचा सख्खा भाऊ जिनिव्हातच राहायचा आणि त्याचं नाव अंत्वान, म्हणजे संत अँथनी. ते नाव यादीत नाही. शहरातल्या चर्चना सेंट पिएर, मॅडलेन, सेंट गेर्व्हे हीच नावं राहिली. क्लोद अडकला तो त्याची यात्रा जवळ होती म्हणून.

लगेचचा परिणाम

हुकूम निघाला म्हणून भांडण संपलं नाही. पुढची सात-आठ वर्षं नावांवरून चकमकी होत राहिल्या, आणि पाळक कधीकधी यादीच्या बाहेर जाऊनही नावं बदलत. यातून स्थानिक घराण्यांचा एक समज पक्का झाला: हे फ्रेंच लोक आमच्या शहरात येऊन आमच्या आज्यापणज्यांची नावं पुसतात. कॅल्विनच्या विरोधात जो गट उभा राहिला, त्याच्या रागात इतर बऱ्याच गोष्टींबरोबर हेही होतं. नागरिकत्व कोणाला द्यायचं, बहिष्काराचा, म्हणजे प्रभुभोजनापासून दूर ठेवण्याचा अधिकार कोणाचा, हे त्यांचे जाहीर प्रश्न. पण सभेत बसणाऱ्या माणसाला बहिष्काराच्या कलमापेक्षा नातवाचं बदललेलं नाव जास्त टोचलं असेल, यात मला शंका नाही. १५५५ च्या मे महिन्यात तो गट मोडला; पुढारी पळाले, काहींना मृत्युदंड झाला. तेव्हा कुठे विरोध थंडावला.

त्या सुमारास फ्रान्समधून निर्वासितांचे लोंढे येत होते. १५६० पर्यंत वस्ती दुपटीच्या घरात गेली. या लोकांनी सुधारित पंथासाठी घरदार सोडलं होतं. मुलांना अब्राहाम, इसाक, दानिएल, सारा, ज्युदित म्हणण्यात त्यांना जबरदस्ती वाटत नव्हती, अभिमान वाटत होता. फ्रान्समधल्या सुधारित मंडळ्यांनीही शास्त्रातली नावं घ्यायचा नियम केला, आणि तिथे नाव ऐकून माणूस कोणत्या पंथाचा हे ओळखता येऊ लागलं. जुन्या जिनिव्हाकरांनी मधली वाट काढली: पिएर, जाक, आणि सगळ्यात जास्त जां. ही नावं शास्त्रातही होती आणि आजोबांचीही होती.

क्लोद मात्र फ्रान्समधल्या सुधारित पंथीयांतून गेला नाही. कॅल्विनच्या मंडळ्यांत स्तोत्रं गायली जायची, त्यांना चार सुरांत बांधणारा सर्वांत गाजलेला संगीतकार क्लोद गुदिमेल. फ्रान्समधल्या प्रोटेस्टंटांच्या १५७२ च्या कत्तलीत तो लियोंमध्ये मारला गेला, त्याच पंथासाठी, तेच नाव घेऊन.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट, क्रम. नियम नोव्हेंबरऐवजी त्या उन्हाळ्यातच निघाला असता, व्यासपीठावरून दोन रविवार वाचला असता, तर न्हावी कदाचित तरी भांडला असता, पण तो नियमाशी भांडला असता. आता तो पाळकाशी भांडला, आणि पाळक परका होता.

दुसरी, मागे न घेता येणारं काम जागच्या जागी करणं. थांबायला शास्त्राची परवानगी होती, हे वर आलंच आहे. आपल्याच सिद्धांतानं दिलेली सवड त्या पाळकानं वापरली नाही. त्याच्या बाजूनं एवढंच म्हणता येईल की भरल्या चर्चमध्ये नकार देऊन मूल परत पाठवलं असतं तर कदाचित याहून मोठा दंगा झाला असता. मला ते पटत नाही, पण तिथे उभा मी नव्हतो.

तिसरी, यादीची लांबी. ज्युराची यात्रा हा प्रश्न होता तर एका नावाबद्दल बोलता आलं असतं. ‘थट्टा होते’ म्हणून रविवारी जन्मलेल्या पोराचं नाव काढून घेण्यात धर्म कुठे आला? एवढा ताण दिल्यावर क्लोदबद्दलचा खरा मुद्दाही लोकांना लहरीचा वाटू लागला.

दुसरं टोक बघायचं तर ते मराठी मुलखात आहे. मुंबईत जॉन विल्सन यांच्या स्कॉटिश मिशननं १८३९ मध्ये धनजीभाई नौरोजी यांना बाप्तिस्मा दिला. ते मिशन प्रेस्बिटेरियन, म्हणजे थेट जिनिव्हाच्या वंशातलं. धनजीभाई पुढे पाळक झाले, नाव तेच राहिलं. बाबा पदमनजी त्याच स्कॉटिश परंपरेत पाळक झाले, तेही बाबा पदमनजीच. अमेरिकन मराठी मिशनचं मूळ न्यू इंग्लंडच्या कॅल्विनवादी मंडळ्यांत. त्या मिशनशी जोडले गेलेले रेव्हरंड टिळक १८९५ च्या बाप्तिस्म्यानंतरही नारायण वामनच होते. १५४६ च्या हुकमात मुलखातल्या दैवतांची नावं पहिल्याच गटात बाद आहेत. त्या यादीपुढे ‘नारायण’ एक क्षण टिकला नसता, आणि त्याच नावानं लिहिलेली भजनं मराठी मंडळ्या आजही गातात.

दीड शतकानंतर

न्हाव्याच्या मुलाचं पुढे काय झालं, घरी त्याला कोणत्या नावानं हाक मारत, हे कुठे लिहिलेलं नाही. शहराचं काय झालं, त्याचा एक नमुना देतो. १७१२ मध्ये जिनिव्हात एका घड्याळजीला मुलगा झाला. घड्याळजीचं नाव इसाक, त्याच्या बापाचं दाविद, बाळाच्या आईचं सुझान. हुकूम काढणाऱ्यांना याहून चांगलं घर दाखवता आलं नसतं. या इसाकनं थोरल्या मुलाचं नाव फ्रांस्वा ठेवलं होतं, जे शास्त्रात कुठेच नाही. धाकट्याला सेंट पिएरमध्ये बाप्तिस्मा मिळाला तो जोडनावानं, जे १५४६ मध्ये चाललं नसतं: जां-जाक. आडनाव रूसो. पाळकानं सांगितलं ते नाव उच्चारलं आणि पाणी घातलं.